चालून दाखवा

माझा चेहरा लोकांच्या फारसा लक्षात राहत नाही. बँकेत, दवाखान्यात, एसटी स्टँडच्या बाकावर मी बसलेला असतो तोवर कुणी ढुंकूनही पाहत नाही. उठून चार पावलं टाकली की मागून आवाज येतो, "अहो, तुम्ही टीव्हीवरचे ते शिपाई ना?" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "जरा चालून दाखवा की!"

आता मी चालत होतो म्हणूनच तर यांनी ओळखलं. पण तेवढ्यानं भागत नाही. मोबाईल बाहेर निघतो, मला पुन्हा बाकापर्यंत मागे पाठवलं जातं आणि मी पहिल्यापासून चालत येतो. नाही म्हणायची सोय नसते. एकदा नारायणगावात घाईत होतो म्हणून नाही म्हणालो, तर माझ्या डोक्यात हवा गेल्याची बातमी माझ्या आधी आमच्या वाडीवर पोचली होती.

वाडी पिंपळवंडीच्या अलीकडे आहे. आमची माणसं मूळची मेंढरांमागची. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन निघायचे. मढच्या पुढं घाट उतरून कोकणात जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. दादा माझ्याहून बराच मोठा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्यांच्याबरोबर घाट चढत-उतरत होता. मी शेंडेफळ, म्हणून मला आईजवळ ठेवून शाळेत घातलं. मी शाळेत असतानाच आबा गेले. पुढं कालव्याचं पाणी आलं तशी दादानं मेंढरं कमी केली, शेती धरली आणि मला शिकवलं. धाकटा शिकून कुठंतरी सरकारी खुर्चीवर बसेल, असा त्याचा हिशेब होता.

धाकटा तमाशाच्या राहुट्यांभोवती घिरट्या घालायला लागला. जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी खेळ ठरवायला येतात. कॉलेजला म्हणून निघायचो आणि तिथंच रमायचो. सोंगाड्या स्टेजवर येऊन नुसता उभा राहिला तरी माणसं हसायची, त्याचं मला वेड लागलं. एका फडाचा सोंगाड्या आजारी पडला आणि मी तोंडाला रंग लावला. दादाला कळलं तेव्हा मी मार खायच्या तयारीनंच घरी गेलो होतो. त्यानं एवढंच विचारलं, "जेवाय देत्यात का नीट?"

मग पुणं. नाटकांतून गडी झालो, हवालदार झालो, दारुडा झालो, पहिल्या दारुड्याचा मित्र झालो. केस पांढरे व्हायला लागल्यावर ती विनोदी मालिका मिळाली. ग्रामपंचायतीच्या शिपायाचं काम. सरपंचांनी घंटी वाजवली की मी ट्रेवर पाण्याचा ग्लास ठेवून दारातून टेबलापर्यंत यायचं. वाक्य एकही नाही. दिग्दर्शक म्हणाला, "येताना काहीतरी करा हो, नाहीतर शॉट मेल्यासारखा वाटतो."

मी ट्रे उचलला आणि चाललो. गुडघे बाहेर फेकत, अंग मागे झुकवून, उतारावरून उतरल्यासारखा फेंगडा. टेबलापर्यंत पोचेस्तोवर ग्लास अर्धा सांडला होता आणि लाईट धरणारा माणूस भिंतीला टेकून डोळे पुसत होता. हे कुठून आणलं, असं सगळ्यांनी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. पुढं मुलाखतींतून हाच प्रश्न आला तेव्हा मी निरीक्षण, साधना असले जड शब्द वापरून वेळ मारून नेली.

पहिला भाग लागला त्या दिवशी मी मुद्दाम वाडीवर आलो. आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दादा दाराशी बसला होता. पडद्यावर मी ट्रे घेऊन आलो आणि हशा असा उठला की बाहेर बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. माझं सगळं लक्ष दादाकडे. त्यानं मी टेबलापर्यंत पोचलेला पाहिला आणि तो उठला. "थ्री फेज आली असंल, मोटार लावून येतो," म्हणाला आणि अंधारात निघून गेला.

जेवताना मी न राहवून विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं व्हतं," तो म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला.

मला ते फार लागलं. अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं तरी ते आतलं दुखणं गेलं नाही. आणि डोक्यावर घेतलंच होतं. टू-व्हीलरची शोरूमं, दहीहंड्या, शाळांची गॅदरिंगं, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे मी. आंबेगाव तालुक्यात एका सभेत तर उमेदवारापेक्षा मला जास्त टाळ्या पडल्या, तेव्हा तो उमेदवार माझ्याकडे असं बघायला लागला की मी जेवायला थांबलो नाही. शाली इतक्या जमल्या की वहिनींनी त्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या गोधड्या घेऊन दादा झोपायचा, पण माझ्या एका कार्यक्रमाला आला नाही.

आमच्याच गावच्या जत्रेत माझा सत्कार होता. पहिल्या रांगेत दादासाठी खुर्ची धरून ठेवायला लावली होती. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. मला राग आला होता आणि हातात माईक होता. मी म्हणालो, "आमच्या दादांना माझ्यापेक्षा मेंढरांचं कौतुक जास्त. मेंढरं निदान चार पायांवर सरळ चालतात." मैदान हसून लोटपोट झालं.

मग हळूहळू तो कुठंच जाईनासा झाला. लग्नाला नाही, जत्रेला नाही. बाजारही वहिनी करायला लागल्या. त्यावरही मी चेष्टा करायचो. साहेब झाले दादा, आता बाजार त्यांच्या पायाशी चालत येतो, असं काहीतरी. तो मान खाली घालून हसायचा. मी गाडीतून उतरायच्या आधीच तो ओट्यावर बसलेला असायचा आणि मी निघालो तरी तिथंच बसून हात हलवायचा. पूर्वी रस्त्यापर्यंत सोडायला यायचा, आता तेवढाही येत नाही, हे माझ्या मनाला खुपायचं. थोरल्या भावाला धाकट्याचं नाव सोसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मालिका संपली. ती संपल्यावर मला शिपायाखेरीज दुसरं काम द्यायला कुणी तयार होईना. एका नाटकात मुलीच्या बापाचं काम होतं. फार मनातून हवं होतं मला ते. दिग्दर्शिका चांगली बाई होती, तिनं स्पष्टच सांगितलं, "तुम्ही उठून उभे राहिलात की लोक हसतील." तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते. नारायणगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून विचारलं, "मेंढरांमागं होता का तुम्ही पण?" मी म्हटलं, "नाही, मी नट होतो." इतकी वर्षं जे मुद्दाम करत होतो ते आता आपोआप व्हायला लागलं. दुसऱ्या कुठल्या चालीनं चालताच येईना.

यंदा दादा गेला. ओट्यावर बसल्या बसल्याच गेला. सुतकाचे दिवस मी वाडीवर राहिलो. पुण्याला गेल्यापासून इतका सलग मी त्या घरात कधी राहिलो नव्हतो. एका दुपारी भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली होती. वहिनी शेंगा फोडत होत्या, मी समोर भिंतीला टेकून पाय लांब करून बसलो होतो. त्या माझ्या गुडघ्यांकडे पाहत होत्या.

"भावजी, येक सांगू का? त्यांनी सांगू नको म्हनलं व्हतं. पर आता कुनाला इचारायचं."

मी म्हटलं, सांगा.

"तुमचा पयला भाग लागला, त्या दिशी मोटार न्हवती लावायची. मी बघाया गेले, तर मेंढरांच्या वाड्यात बसले व्हते. मला म्हनले, 'आबा आला व्हता गं. पानी घिऊन आला व्हता.'"

आबांचा चेहरा मला नीट आठवत नाही. मी दारात उभा राहून त्यांना जाताना पाहायचो, त्यामुळे आठवते ती त्यांची पाठ, खांद्यावरची घोंगडी आणि घाट उतरून उतरून फाकलेले ते पाय. चेहरा गेला आणि चाल माझ्या अंगात राहून गेली. ती मी ट्रे घेऊन बाहेर काढली आणि मला कळलंही नाही.

वहिनी थांबल्या नव्हत्या. "पुढं त्यांचं बी गुडघं तसंच झालं. लहानपनापासून घाट तुडवल्यालं पाय ते. ओतूरच्या बाजारात पोरं मागं लागायची, तुमच्या शिपायावानी चालत. पोरांचं काय न्हाई. पर जानती मानसं बी म्हनायची, 'राव, भावाची नक्कल कशापायी करताय या वयात?' आधी हासून सोडून द्यायचे. येकदा टमाट्याचं कॅरेट घिऊन चालले व्हते, कुनीतरी मोबाईल धरला आन् म्हनला, परत चाला. डोक्यावर कॅरेट तसंच. त्या दिशी घरी आले ते लई गप गप. मीच म्हनलं, तुमी बसा घरी, बाजार मी करते."

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच जवळजवळ.

"मी म्हनलं व्हतं सांगते. तर म्हनले, 'नगं. कळलं तर तो चालायचा थांबंल. त्याचं पोट हाय त्यावर.'"

त्या रात्री मी ठरवलं की दशक्रियेला बोलायचं. आमच्याकडे दशक्रियेला आधी प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. सगळी पंचक्रोशी जमते. म्हणजे ओतूरच्या बाजारात दादाला हसलेली माणसंही तिथं असणार होती. मला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. माझा भाऊ कुणाची नक्कल करत नव्हता. ती चाल त्याची होती, त्याच्या बापाची होती, आणि नक्कल मी केली होती. भावाचं एवढं एक देणं तरी चारचौघांत फेडता आलं असतं.

कुकडी नदीच्या घाटावर सकाळी गर्दी मावेना. प्रवचन झालं, पिंडाचं झालं, पुढारी येऊन बोलून गेले. त्यांना त्याच सकाळी दुसऱ्या घाटावरच्या दशक्रियेला जायचं होतं. मी शेडच्या कडेला, दुखवट्यात बसलेल्या घरच्या माणसांत होतो. डोकं भादरलेलं, मिशी उतरवलेली, डोक्यावर पांढरी टोपी. तोंडावरून मला कुणी ओळखलं नसतं. माईकवाल्यानं नाव पुकारलं, "आपल्या तालुक्याचं नाव घराघरांत पोचवणारे..." आणि मी उठलो.

गार फरशीवर इतका वेळ मांडी घालून बसल्यानं गुडघे धरले होते. अनवाणी होतो. सरळ चालायचं म्हणून मी ओठ दाबून पाय आवळून टाकला, तर झोक गेला आणि गुडघा आणखीनच बाहेर पडला. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. दाबलेलं हसू शेडभर पसरत गेलं. मी चालत राहिलो. पुढच्या रांगेतला एक पिकल्या मिशांचा माणूस माझ्याकडे वैतागून बघत होता. मी जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "पावणं, हितं तरी सोंग नगं, राव."

मी माईक धरला. मनात घोळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, पण आधी त्या माणसालाच उत्तर द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "हे सोंग नाही."

आणि सगळे हसले. आता कुणी दाबलंसुद्धा नाही. शेवटचे एक पुढारी राहिले होते, त्यांनीही उपरण्याआड तोंड लपवलं. मी थांबलो, हसू ओसरायची वाट पाहिली. आयुष्यभर हसू ओसरायची वाट पाहायची मला सवय. पण मी तोंड उघडलं की ते पुन्हा यायचं. माझे डोळे भरून आले, तर त्यालाही कुणीतरी हसलं. माईकवाल्याला वाटलं माझा कंठ दाटलाय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, माईक अलगद काढून घेतला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. दादाबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो.

जागेवर परत जायचं, तर सगळ्यांसमोरून पुन्हा तेवढंच चालायचं होतं. मी पाय उचलला. एवढ्यात बायकांच्या बाजूनं वहिनी पुढं आल्या. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, माईकच्या मागच्या सतरंजीचा कोपरा दाखवला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी बसा हितंच."

मी बसलो.