विहिरीतल्या बाईचा शेवटचा फर्मा

आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून देणारे बाइंडरकाका मला बरीच वर्षं विक्षिप्तच वाटायचे. दर शनिवारी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "बाई, मागच्या काळात जाणारं काही आलं?"

म्हणजे आजचा माणूस दोनशे-तीनशे वर्षं मागे जातो, अशी कादंबरी. मी शोधून द्यायचे. आठवड्याने ती परत आणताना काका नाक मुरडायचे. "हाही नेमका लढाईतच जाऊन पडला. एकाला साध्या माणसाच्या स्वयंपाकघरात जायचं सुचेल तर शपथ!"

एकदा वैतागून मी म्हटलं, "आवडत नाही तर वाचता कशाला?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको, म्हणजे काकू, पुस्तकं वाचायच्या, पण सुटी. काका जुनी शिवण उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे मोकळे करायचे. पुन्हा शिवून होईपर्यंत काकू दुपारी ते वाचून काढायच्या आणि संध्याकाळी काका सुईदोरा घेऊन बसले की गोष्ट सांगायच्या. वाचता वाचता थांबतील तिथे पानाचा कोपरा दुमडायच्या; पुस्तक संपलं तरी सवयीने शेवटचं पान दुमडायच्याच. बाइंडरच्या घरात हे म्हणजे हद्दच! काका रोज चिडायचे.

शेवटची गोष्ट होती विहिरीत उतरून तीनशे वर्षं मागे गेलेल्या बाईची. ती परत येते की नाही, एवढंच उरलं होतं. "एक फर्मा बाकी आहे, उद्या वाचून सांगते," काकू म्हणाल्या आणि त्या रात्री झोपेतच गेल्या. तो फर्मा पुढे घरात सापडलाच नाही. पुस्तक रद्दीतून आणलेलं, मुखपृष्ठ आधीच गळालेलं, त्यामुळे नावही माहीत नाही. म्हणून काका बारा वर्षं दिसेल ती तसली कादंबरी वाचत होते.

"तिचं अर्धवट राहिलं हो," ते म्हणाले. "शेवट कळला तर तिला सांगून टाकेन."

गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर तावातावाने आले. राजघराण्यांचा जाडजूड इतिहास टेबलावर आपटून म्हणाले, "या वंशावळीत विहिरीतली बाई कुठून उपटली?"

मी पुस्तक उघडून पाहिलं. मधली सोळा पानं वेगळ्याच कागदाची होती. शिवण काकांची, आणि आत बांधणीची तारीख बारा वर्षांपूर्वीची. काकू गेल्या त्याच आठवड्यात, नुसते हात चालवायचे म्हणून बसलेल्या माणसाने दोन ढिगांतले फर्मे एक केले होते.

मी काकांना बोलावलं. स्वतःची चूक बघून ते ओशाळले. मग पानं उलटत फर्म्याच्या टोकाला गेले. शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"वाचलं होतं तिनं," ते म्हणाले. "सगळं. मला उद्यावर ढकललं, लबाड!" ते हसले आणि रडलेही. "तिचं काही राहिलं नव्हतं, बाई. माझंच राहिलं."

मी फर्मा सोडवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "मी नाही वाचणार. तुम्ही वाचून सांगा, ती सांगायची तसं." आणि सुईदोरा काढून मास्तरांचा इतिहास शिवायला घेतला.

मी आठ पानं सांगितली. बाई विहिरीपाशी येऊन पोचली होती. काकांनी हात वर केला.

"आज एवढंच."

त्यांनी ते पान जवळ ओढलं, अंगठ्याने कोपरा नीट दुमडला आणि माझ्याकडे परत दिलं.

"बाकीचं उद्या सांगा."