शनीचा वाकडा तक्ता

शरच्चंद्र सरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण शनी पाहिला तो फक्त तक्त्यावर. तो तक्ता भिंतीला लावायची शाळेची शिपाई शिवम्मा. दर वर्षी वाकडा लावायची आणि सर दर वर्षी ओरडायचे, "शिवम्मा, कडी आडवी हवी, आडवी!" एकदा तिनं विचारलं होतं, "हे खरंच हाय का सर, का नुसतं चित्र?"

"दाखवेन एक दिवस," सर म्हणाले होते.

तो दिवस निवृत्तीनंतर पाच वर्षांनी आला. दिवाळीत सरांनी मोटरवाली दुर्बीण मागवली. रिमोटवर तिला तारीख, वेळ आणि ठिकाण सांगायचं, मग ती ज्या दोन ओळखीच्या ताऱ्यांकडे वळेल, ते बटणांनी मधोमध आणून द्यायचे. त्यानंतर तिला सगळं आकाश कळतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. सरांच्या गच्चीवर मात्र तीन संध्याकाळी ती शनी म्हटलं की शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे वळली.

मदतीला उर्वी होती. सरांची जुनी विद्यार्थिनी, मराठीत एम.ए. झालेली, त्याच गल्लीतली. आकडे सर स्वतः दाबत आणि रिमोटच्या पडद्यावरची अक्षरं तिला वाचायला लावत. "तारा मध्ये आलाय का? नीट बघून सांग." वर्गात विचारायचे तसंच. सर आपल्याला शिकवताहेत, असं तिला वाटायचं.

चौथ्या संध्याकाळी शिवम्मा तिच्या गावाहून, कुंभारीहून आली. शनिवार होता. तिच्या हातात तेलाची छोटी बाटली.

"सुनेनं दिलंय. शनीला कुटं वाहू?"

"कुठेही वाहा, यंत्रावर नको."

"पावणेआठची बस हाय माजी. शेवटची. तवर येतोय का तुमचा शनी?"

"येतोय की," सर म्हणाले. पण त्यांचा हात रिमोटवर दोनदा चुकला.

दुर्बीण घरघरत पश्चिमेला वळली. पहिला तारा श्रवण. ती त्याच्या चार बोटं खाली थांबली. दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक-दुर्बिणीतून बघत उर्वीनं रिमोटवरचे बाण दाबून तो मधोमध आणला.

"आला, सर. आता मोठ्यातून तुम्ही बघा."

सर वाकले. बराच वेळ डोळा लावून राहिले. "हं. अगदी मधोमध. एंटर दाब."

उर्वीचं बोट बटणावरच थांबलं. दुर्बिणीच्या तोंडावर काळं झाकण तसंच होतं. ते काढायचं तिच्याकडून राहिलं होतं. आतून कुणालाही नुसता अंधार दिसला असता.

 तिनं हळूच झाकण ओढलं. तरी टक् आवाज झालाच.

सर ताठ उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

"कधीपासून, सर?"

"दसऱ्यापासून. सरळ बघितलं की मधोमध राख सांडल्यासारखं. कडेकडेनं दिसतं. म्हणून तर घाईनं मागवली." मग हलक्या आवाजात, "शिवम्मांना सांगू नकोस."

शिवम्मा कट्ट्यावर बसली होती. "मला ऐकू येतंय, सर. डोळं तुमचं गेलंय, कान माजं न्हाय." आणि लगेच, "बगा बगा, सात वाजून गेलं की."

उर्वीनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी सरांनी भरलेला एकेक आकडा तपासत गेली. रेखांशाशी ती थबकली.

"सर, सोलापूर साडेब्याऐंशीवर कधी गेलं?"

 सर कपाळावर हात मारून हसायलाच लागले. "भारताची प्रमाणवेळ! एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. बोटं आपोआप तिथेच जातात गं. शहात्तर घाल. थोडं कमीच."

श्रवण आता लगेच सापडला. दुसरा तारा ब्रह्महृदय. दोन्ही तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मधोमध आणले, सरांना न विचारता. यंत्रानं पहिल्यांदाच मान्य केलं. शनी म्हटल्यावर दुर्बीण टाकीकडे ढुंकूनही न बघता उंच दक्षिणेला वळली.

शिवम्मा डोळा लावून बघत राहिली. बाटली हातातच.

"अगं बाई. सुई आरपार घातलेली गोटी की." मग बाजूला झाली. "आता तुमी बगा, सर."

"मला काय दिसणार?"

"कडंनं बगा की. कडंनं दिसतंय म्हनला न्हवं?"

सर वाकले. मान थोडी वळवली, नजर शनीच्या बाजूच्या काळोखावर ठेवली.  उर्वीनं नकळत हात पुढे करून झाकण निघालंय ना ते पुन्हा चाचपलं. निघालेलंच होतं.

"तिरकी आहे," सर म्हणाले.

"काय, सर?"

"कडी. आडवी नाही. तिरकी आहे."

उर्वीनं घाईनं डोळा लावला. कडी तिरकीच होती. शिवम्मानं ते सांगितलेलं नव्हतं. उर्वीनंही नाही.

सरांनी डोळे पुसले. "शिवम्मा, एकतीस वर्षं तुम्हाला उगाच ओरडलो."

"मग? मी कवा म्हनले वाकडा हाय म्हनून? तुमीच वरडायचा." शिवम्मा उठली, तेलाची बाटली कट्ट्यावर ठेवली आणि जिन्याकडे वळली. "चला, माजी बस."