वाढवलेला वेग

बायकोच्या कॉम्प्युटरची वाट मी लावली आणि दोष तिला दिला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायची सोय राहणार नाही.

आम्ही बोरीवलीला राहतो. बायको घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. एका दिवाळी अंकाचं काम गेली अकरा वर्षं तिच्याकडे आहे. पानं एकदाही छापखान्यात उशिरा गेली नाहीत, याचा तिला अभिमान. यंदा गणपती झाल्यापासून ती म्हणत होती, "मशीन रडतंय रे. मोठी फाइल उघडेपर्यंत चहा गार होतो."

मला या यंत्रांचं वेड आहे. जुन्या मशीनमधून काढलेली रॅमची, म्हणजे मेमरीची, एक पट्टी माझ्या खणात होती. ती मी तिच्या मशीनमधल्या पट्टीशेजारी बसवली. दोन्हींच्या कंपन्या वेगळ्या, वेगही वेगळे. अशा वेळी मदरबोर्ड दोन्ही पट्ट्या कमी वेगावर चालवतो. मला ते पटेना. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून मी वेग वाढवला, व्होल्टेज किंचित चढवलं. सकाळच्या गारव्यात मेमरी टेस्टची एक फेरी चालवली. एकही चूक नाही. तिला एवढंच सांगितलं, "झकास झालंय. कर काम."

ऑक्टोबरच्या दुपारी मशीन मध्येच बंद पडू लागलं. मी विजेला नावं ठेवली. मग तिला म्हणालो, "तू एकदम दहा फाइली उघडतेस."

"अकरा वर्षं दहाच उघडतेय."

"मग तेव्हा नीट सेव्ह करत असशील."

हे वाक्य माझंच आहे. नाकारत नाही.

दोन दिवसांनी अंकाची मुख्य फाइल उघडेना. रोज काढलेल्या प्रतीही त्याच बिघडलेल्या मेमरीतून गेल्या होत्या. धड निघाली ती आठवडाभरापूर्वीची. तिने माझ्यासमोर संपादकांना फोन लावला. "माझ्याकडून चूक झाली. आठवड्याचं काम गेलं."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "वहिनी, अंक दिवाळीत काढायचाय, शिमग्यात नाही! यंदा निभावून न्या. पुढच्या वर्षी आम्ही दुसरं कुणी बघतो."

मी शेजारीच उभा होतो.

ती भाजी आणायला गेली तेव्हा भर उकाड्यात मी पुन्हा टेस्ट लावली. पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला. पट्टी काढली, वेग पहिल्यासारखा केला, सगळं स्वच्छ. ती परतल्यावर म्हणालो, "धूळ होती आत. साफ केली." तिने पाच दिवस मान वर न करता पानं पुन्हा लावली, वेळेत पाठवली. मशीन एकदाही अडखळलं नाही. शेवटचं पान गेल्यावर म्हणाली, "बरं झालं, तू होतास."

ओळखीचे लोक सांगतात, नीट चाललेल्या यंत्राला हात लावू नये. मी ते मानत नाही, मानणारही नाही. डब्यावर छापलेल्या वेगावर मुकाट समाधान मानणारा माणूस मी नाही. माझ्या मशीनचा वेग आजही वाढवलेला आहे. फक्त टेस्ट आता भर दुपारी, तासन्‌तास चालवतो. त्याबद्दल मी कुणापुढे मान खाली घालणार नाही. पण ते मशीन तिचं होतं, काम तिचं होतं, आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

म्हणून तिला समोर बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि संपादकांना पट्टीपासून धुळीपर्यंत सगळं सांगितलं.

"मग वहिनी तेव्हा बोलल्या का नाहीत?"

"तिला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण माझ्या चुकीसाठी तिच्याकडून काढून घेऊ नका."

"बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको माझ्याकडे वळली. "त्यांना सांगितलंस. मला कोण सांगणार?"

"तुझं काहीही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "मी तुला न सांगता वेग वाढवला. कळल्यावरही खोटं बोललो. तू माझी चूक स्वतःवर घेत होतीस आणि मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. मला माफ कर."