तांबेकाकांचा मोनो आणि गोरेगावचं स्थळ

कुणाशी ओळख करून दिली तर तांबेकाका नाव विचारत नसत. "घरी काय, मोनो की कलर?" एवढंच; म्हणजे कॉम्प्युटरचा मॉनिटर एकरंगी की रंगीत. मुलुंडला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे आणि लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचे. त्या काळात सगळ्या उपनगरांत मिळून जेवढे पडदे उजळले, त्यातले निम्मे काकांनी लावले होते. उरलेले निम्मे त्यांनी दुरुस्त केले.

मॉनिटरवरून त्यांनी माणसांचा नकाशाच काढला होता. "मुलुंड मोनो. पोरं अभ्यास करतात. घाटकोपर कलर, मग नुसती पत्रं टाइप करायची असली तरी कलर! बोरिवली आधी मोनो घेणार, बोनस झाला की बदलणार. भांडुप 'घरी विचारून सांगतो'. आणि गोरेगाव?" इथे ते चष्मा काढत. "वाट लागली रे! सिनेमाच्या स्टुडिओच्या शेजारी राहून डोळ्यांना चटक लागलेली माणसं. पडदा रंगीत आणि डोकं कोरं!"

अशा माणसाच्या मुलीला, विद्याला, स्थळ आलं ते नेमकं गोरेगावचं. आलं कसलं, तिनेच आणलं. सुहास तिच्या ऑफिसातला. काकांनी जाहीर केलं, "पत्रिका नको. मी मॉनिटर बघतो. कलर निघाला तर स्थळ रद्द." विद्या आठवडाभर जेवली नाही. (काकू म्हणतात, एक वेळ.)

रविवारी मला सोबत घेऊन काका गोरेगावात धडकले. बघतो तर टेबलावर चक्क मोनो! पाहुण्यांसाठी शेजारून कपबशा मागून आणाव्यात तसा सुहासच्या आईने तो मागून आणला होता, हे मागाहून कळलं. काका खूश. "लाव बघू."

सुहास घामाघूम. "काका, लाइट गेलीय."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

काका टेबलामागे वाकले. मॉनिटरची वायर नुसतीच लोंबत होती. "हा नऊ पिनांचा प्लग. तुझ्या मशीनला पंधरा भोकं. कलर कुठे लपवलायस?"

"आतल्या खोलीत. गोधडीखाली."

"आणि ही अक्कल कुणाची?"

काकांची अट इथवर पोचवणारी मुलुंडात एकच व्यक्ती होती, हे मलाही कळत होतं. सुहास जमिनीकडे बघत म्हणाला, "माझीच."

"पुन्हा विचारतो. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझंच डोकं."

काका त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की समोरचा चहा तीनदा गार झाला. मग वळून म्हणाले, "वहिनी, घरात साखर आहे ना? आणा. धड खोटंसुद्धा बोलता येत नाही पोराला, पण माझ्या मुलीवर ढकलून मोकळा होत नाही."

घरी विद्या दारातच उभी होती, रडून डोळे सुजलेले. चपला काढता काढता काका तिच्यावर खेकसले, "अगं, कट करायचा तर आधी प्लग बघायला सांगायचं ना त्याला! एवढी वर्षं काय शिकलीस या घरात?"