हलव्याचा काटा आणि माझं प्लगइन

आमच्या सोसायटीत मला फोटोग्राफर म्हणतात ते केवळ माझ्याकडे मोठा कॅमेरा आहे म्हणून. दिल्लीच्या द्वारकेत ज्याच्याकडे शिडी असते त्याला लोक इलेक्ट्रिशियन समजतात, तसंच. मी शाळेत भूगोल शिकवते, पंचावन्न वर्षांची आहे आणि चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधते. तरी गेल्या संक्रांतीला घरातलं सगळ्यांत नाजूक काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सुनेची पहिली संक्रांत होती. माझ्या सासूबाईंनी, वय वर्षं एक्क्याऐंशी, नातसुनेसाठी हलव्याचे दागिने घरी करायचं ठरवलं. म्हणजे परातीत तीळ घेऊन, मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडत, बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की संपलं. अकरा दिवस त्या गॅससमोर स्टुलावर बसल्या. बोटांची टोकं लालबुंद झाली.

"आई, पुण्याहून मागवू या ना," मी म्हटलं.

"पुण्याहूनच तर मागवायचं नाही."

पुण्यात त्यांची धाकटी बहीण असते, आमच्या मावशी. चाळीस वर्षं मावशींचं एकच पालुपद: "ताई, तुझ्या दिल्लीत हलव्याला काटा येणं शक्य नाही. त्या धुक्यात पाक सुकेल कसा?" काटा म्हणजे दाण्यावर साखरेची जी बारीक टोकं उभी राहतात ती. ती नसली तर हलवा कसला, नुसती साखरेची गोळी. आणि सांगायला वाईट वाटतं, पण चाळीस वर्षं आमचा हलवा गुळगुळीतच व्हायचा.

नवव्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली. तळहातावर चार दाणे होते. भिंगातून पाहिलं तर एकेक दाणा काट्यांनी फुललेला.

"आला," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसत, जणू भाजीची यादी सांगावी तसं म्हणाल्या, "याचा फोटो हवा. कागदावरचा. मोबाइलवर पाठवलास तर म्हणेल, इंटरनेटवरून उचलला. आणि नीट काढ. माझी बोटं पुन्हा हे करायची नाहीत."

मावशींचा मुलगा ऑफिसच्या कामाला दिल्लीत आला होता, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसवर उतरला होता. शनिवारी दुपारी परत जाणार होता. फोटो त्याच्या हाती द्यायचा, असं ठरलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी धुकं असं पडलं की समोरचा टॉवर सकाळपासून बेपत्ता. सून काळी साडी नेसून, हलव्याचा हार, बाजूबंद, कंबरपट्टा घालून सोफ्यावर बसली आणि बरोब्बर त्याच क्षणी आमच्या टॉवरची वीज गेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बस दस मिनट, मैडम." दिल्लीत या दस मिनटांचा हिशेब कुणी करू नये. इन्व्हर्टरवर पॅसेजमधला एक दिवा. फ्लॅश मारला तर पांढरा हलवा चुन्यासारखा सपाट दिसतो, हे मला अनुभवाने ठाऊक. मग मी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला; अंधारात डोळे ताणून बघायची कॅमेऱ्याची ती ताकद. इतका वाढवला, इतका वाढवला, की कॅमेऱ्यालाच दया आली असेल. वीसेक फोटो काढले.

तोवर शेजारची मुलं दारात जमली होती. "आंटी, ये ज्वेलरी सच में खा सकते हैं?" सासूबाई म्हणाल्या, "बिल्कुल!" आणि स्वतःच्या हाताने हार तोडला. तासाभरात नातसुनेच्या गळ्यात नुसता दोरा उरला. अकरा दिवसांचं काम पोरांच्या पोटात. आता जे होतं ते माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डात.

दुसऱ्या दिवशी फोटो संगणकावर उघडले. काळ्या साडीवर कुणी रंगीत रवा उधळला होता. लाल, हिरवे, जांभळे दाणे. अंधारात आयएसओ वाढवल्याची शिक्षा. याला नॉइज म्हणतात. हलव्याचे काटे त्या रव्यात कुठेतरी होते, गर्दीत हरवलेल्या पाहुण्यासारखे.

"मम्मी, नॉइज रिडक्शनचं एक प्लगइन येतं, ते टाका ना," सून म्हणाली. ती घरूनच काम करते, कानात हेडफोन, पण माझा चेहरा तिला स्क्रीनआडूनही दिसतो.

मी फोटो रॉ मध्ये काढते, म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं, न शिजवता. मग एक सॉफ्टवेअर ते शिजवून आपल्याला दिसेल असा फोटो करतं. प्लगइन म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या स्वयंपाकघरात बाहेरून बोलावलेला आचारी: तो एकच पदार्थ करतो, पण फक्कड. माझा आचारी मात्र स्वयंपाकघरात यायलाच तयार नव्हता. डाउनलोड केला, मेनूत दिसेना. काढला, परत टाकला, दिसेना. मुलाला ऑफिसात फोन केला.

"आई, रीस्टार्ट केलंस?"

"तीनदा."

"मग चौथ्यांदा कर यार."

शेवटी कळलं की माझ्या संगणकावर त्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या नांदत होत्या आणि मी आचाऱ्याला दर वेळी जुन्या घरी सोडून येत होते. योग्य फोल्डर सापडलं, मेनूत नाव उगवलं, आणि मी खुर्चीवरून अशी उठले की नवरा पेपर टाकून धावत आला. "कोण गेलं?" त्याने विचारलं.

पुढे मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. आधी फोटो सॉफ्टवेअरमध्ये छान शिजवला. काटे उठून दिसावेत म्हणून धार चढवली, पुरेपूर. मग तयार झालेला फोटो प्लगइनकडे दिला आणि नॉइज काढायची पट्टी शंभरावर नेली. अर्ध्यावर थांबणं आमच्या माहेरी नाही. रवा नाहीसा झाला. साडी अशी काळीभोर, की वा! मी सेक्टरच्या मार्केटमधून मोठी प्रिंट करून आणली आणि सासूबाईंसमोर धरली.

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"हे साबुदाणे कुणाचे?"

"आई, हलवा आहे तो."

"नातसुनेला मी उपासाचं घातलं होतं काय?" भिंग खाली ठेवत त्या म्हणाल्या. "काटा कुठाय?"

काटा नव्हता. बिचाऱ्या प्लगइनच्या दृष्टीने बारीक आणि टोकदार ते सगळं नॉइज. त्याने रवाही झाडला आणि काटेही. सासूबाई उठल्या. आत जाऊन पलंगावर बसल्या आणि लाल बोटांना तूप चोळत राहिल्या.

नवरा म्हणाला, "तरी मी सांगत होतो, सोफ्यामागे पानिपतची चादर लावू नकोस. मराठी माणसाने पानिपताच्या इतक्या जवळ राहून हिंमत करू नये." जोक चांगला होता. मी हसले नाही.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या आणि मी समोर तोंड पाडून बसले होते. सून चहा घेऊन आली.

"मम्मी, तुम्ही प्लगइन आधी लावलं की शेवटी?"

"शेवटी. आधी लावून काय करायचं? फोटो तर व्हायला हवा."

सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "भात झाल्यावर खडे काढायला बसलीस की ते दाताखालीच सापडायचे."

त्या माझ्याबद्दल बोलत होत्या की तांदळाबद्दल, देव जाणे. पण मी चहा तसाच टाकून उठले. खरंच की! कच्च्या फाइलीत रवा वेगळा असतो आणि काटे वेगळे. मी आधी धार चढवली तेव्हा खड्यांनाही धार आली, आणि मग प्लगइनला कोण कोण ते ओळखू येईना.

या वेळी रॉ फाइल तशीच, बिनशिजवलेली, प्लगइनकडे दिली. पट्टी हळूहळू सरकवली, जिभेवर मीठ बघावं तशी. साडीवरचा रवा गेला आणि काटे राहिले, तिथे थांबले. माझ्या हाताला हे थांबणं नवीनच होतं. तरी कंबरपट्ट्याजवळचे दाणे जरा बोथट वाटले. तेव्हा सुनेने दाखवलं, की नॉइज काढलेली प्रत वर ठेवून तिच्यातून हलव्यापुरती जागा ब्रशने पुसता येते, म्हणजे खालचा मूळ हलवा दिसतो. मग काय! दोन तास मी एकेक दाणा मोकळा करत बसले. सून शेजारी, हेडफोन गळ्यात. "मम्मी, तो राहिला. बाजूबंदाचा तिसरा." मीटिंगमध्ये तिला कुणी काही विचारलं तर "येस, अ‍ॅब्सोल्युटली" म्हणत होती, काय ते तिलाही ठाऊक नसावं. सगळ्यांत शेवटी धार. थोडीशी.

प्रिंट आणली. सासूबाईंनी भिंग लावलं आणि हारावरून बाजूबंदावर, बाजूबंदावरून कंबरपट्ट्यावर फिरवलं, पोलीस तपासणीसारखं. मग त्यांनी बोट फोटोवर अलगद टेकवलं आणि पटकन उचललं.

"टोचलं," म्हणाल्या.

त्यावर मी काय करावं? मी पंचावन्न वर्षांची बाई, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून नाचले. नवऱ्याने पाहिलं आणि शहाणपणाने परत फिरला.

शनिवारी मी स्वतः मेट्रोने बाराखंबा रोडला उतरले, खाली एक पुठ्ठा, वर एक पुठ्ठा, असा फोटो छातीशी धरून गेस्ट हाउसवर चालत गेले. मावशींचा मुलगा म्हणाला, "वहिनी, बॅगेत टाकतो." मी म्हटलं, "टाकायचा नाही. ठेवायचा. आडवा."

रविवारी संध्याकाळी मावशींचा फोन आला. सासूबाईंनी तो स्पीकरवर लावायला सांगितला आणि पदर सारखा करून बसल्या.

"ताई, फोटो मिळाला." आम्ही चौघं फोनकडे बघतोय.

"बरं मग?" सासूबाई.

"पाक किती तारी घेतलास गं?"

सासूबाईंनी डोळे मिटले. मी या घरात आल्यापासून मावशींनी त्यांना स्वयंपाकातलं काही विचारलेलं मला आठवत नाही. घाई न करता त्या म्हणाल्या, "सांगते. कागद घे. आणि चष्मा लाव, दोनदा सांगणार नाही."

"घेतला. पण खरं सांग, हा काटा तुझाच ना? आजकाल कॉम्प्युटरवर काहीही उमटवतात."

"काटा माझा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता, जरा मोठ्याने, स्पीकरला ऐकू जावं असं: "राखला सुनेने. कॉम्प्युटर तर तो पुसायलाच निघाला होता. हां, आता लिही. पाक एकतारी…"