कॅलेंडरच्या पाठीवरची बाई

मोकळी भिंत माझ्या डोळ्यांत खुपते. विट्याजवळच्या आमच्या छोट्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं खाली मान घालून बसलेली असतात, म्हातारी मंडळी एकाच वर्तमानपत्रासाठी भांडतात आणि त्यांच्या डोक्यावर एवढी लांबलचक भिंत, नुसती चुन्याची. एकदा बैठकीत मी म्हणाले, "दर महिन्याला इथल्याच माणसांची कला या भिंतीवर लावू." एक सदस्य म्हणाले, "इथं कोण कलाकार बसलाय, बाई?" असा राग आला मला! म्हटलं, "शोधते मी. नाही सापडला, तर तुमचाच फोटो लावते."

सापडले की! पहिल्याच महिन्यात माधवनगरच्या बंद पडलेल्या मिलमधले एक फिटर आले. जुन्या स्प्रिंगा, बॉबिनी, दातेरी चाकं जोडून त्यांनी पक्षी केले होते. त्यातल्या बगळ्याच्या चोचीला हात लावून बघितल्याशिवाय एकही म्हातारा घरी जायचा नाही. बैठकीतले ते सदस्य नातवंडांना घेऊन दोनदा येऊन गेले. मी त्यांना बगळ्यासमोरची खुर्ची मुद्दाम दिली.

तिसऱ्या महिन्यात एक गलाईवाले आले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर जातात, त्यालाच गलाई म्हणतात. हे गृहस्थ तीस वर्षं तमिळनाडूत भट्टीसमोर बसून आता कायमचे गावी परतले होते. भट्टीच्या धगीनं भुवया विरळ झालेल्या, काखेत कागदांची मोठी गुंडाळी.

"बाई, हे चालंल का बघा. न्हाई म्हणालासा तरी मला वाईट वाटायचं न्हाई," ते म्हणाले. वाईट वाटणार होतं, ते तोंडावर दिसतच होतं.

मी गुंडाळी सोडली. सराफांनी वाटलेली मोठी कॅलेंडरं होती ती. एका अंगाला देव आणि तमिळ अक्षरं, आणि कोऱ्या पाठीवर भट्टीतल्या कोळशानं काढलेली एक बाई. सगळ्या कागदांवर तीच बाई, एस.टी. स्टँडवरच्या खांबाला टेकून उभी, डोळे भरलेले. पहिल्या कागदावर जेमतेम विशीतली, पदराचं टोक दातात धरलेलं. पुढं कडेवर लेकरू आलं, मग ते लेकरू बोट धरून उभं राहिलं, मग बाई एकटीच राहिली, चष्मा लागला, गाल बसले. आई शपथ सांगते, मोठ्या शहरांतली प्रदर्शनं बघितली आहेत मी, पण असं माणसाचं वय वाढताना कुठं बघितलं नव्हतं. आणि शिकले कुठं, तर कुठंच नाही!

"कोण ह्या?"

"आमची मंडळी."

मग हळूहळू सांगितलं त्यांनी. वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचे, पंधरा दिवस राहायचे. परत निघाले की ती विट्याच्या स्टँडवर पोचवायला यायची. तिकडं पोचल्या पोचल्या, चेहरा पुसट व्हायच्या आत, ते तिला कागदावर उतरवून ठेवायचे. एका वर्षाचं एक चित्र.

"त्यांना आवडली?" मी विचारलं.

"तिला ठावंच न्हाई. दाखवायचा धीरच झाला न्हाई कवा. हितं गावानं बघू दे न्हाईतर न बघू दे, पर तिनं बघितलं पायजे. तिनं तोंड फिरवलं, तर समदी चुलीत घालीन बघा."

ही चित्रं चुलीत? त्या दिवसापासून त्या बाईला वाचनालयात आणणं हे माझंच काम झालं.

मी स्वतः त्यांच्या घरी आमंत्रण घेऊन गेले. ती गोठ्यात होती. तीस वर्षं तिनं एकटीनं रान, जनावरं, सासू-सासरे आणि दोन पोरं सांभाळली होती. तिचं बोलणंही तसंच, खणखणीत. "चित्रं? ह्यांची? मला काय कळतंय त्यातलं! आन् म्हशीची धार कोण काढंल?" म्हटलं, "धार काढूनच या. पण आला नाहीत तर मी म्हशीसकट घेऊन जाईन." तेव्हा कुठं यायला कबूल झाली.

आणि इतकं सगळं करून माती मीच खाल्ली. बाकीची चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली, पण मधलं एक मला इतकं आवडलं होतं, की हौसेनं फ्रेम करून घेतलं. फ्रेमवाल्यानं त्याच्या नेहमीच्या सवयीनं वरच्या दोन कोपऱ्यांना हार अडकवायचे खिळे ठोकून दिले. आमच्याकडं भिंतीवरच्या फ्रेममध्ये माणूस बसला आणि वर खिळे आले, की त्याचा एकच अर्थ होतो. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

उद्घाटनाला आमचे अध्यक्ष होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. टेबलावर सरस्वतीची छोटी तसबीर, समई आणि ताटात झेंडूचा हार. सुभेदारांनी आधी पडदा ओढला. समोर खिळ्यांची मोठी फ्रेम, बाजूला ताटात हार. सरस्वती राहिली बाजूला! त्यांनी हार उचलला, फ्रेमला घातला, दोन पावलं मागं सरकून हात जोडले आणि परेडवरच्या आवाजात म्हणाले, "सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहावी."

सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत बसलेली तीही उठली. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, हात जोडलेले, स्वतःलाच श्रद्धांजली! गलाईवाल्यांचा चेहरा कोळशाहून काळा पडला. एरवी मी तोंडाची एवढी फटकळ, पण तेव्हा नुसती त्या खिळ्यांकडं बघत राहिले. शेवटी शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं बया, डोळं उघड की! तूच हाईस ती!"

तिनं डोळे उघडले. फ्रेमकडं बघितलं, हाराकडं बघितलं.

"आवं सुभेदार! जित्ती हाय की मी अजून!"

हशा असा पिकला की परीक्षेची पोरं बाकावर चढून बघायला लागली. सुभेदार कानाला हात लावून "वहिनी, चुकलं, चुकलं" म्हणत हार काढायला धावले. तिनं त्यांना थांबवलं आणि स्वतःच पुढं होऊन हार उतरवला. पण मग ती तिथून हललीच नाही. हार हातात तसाच, आणि ती फ्रेममधल्या बाईकडं बघत उभी. हसणं हळूहळू विरलं. मग ती दोरीवरच्या पहिल्या चित्राकडं सरकली, मग त्याच्या पुढच्या.

"हितं थोरला कडंवर हाय," ती कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली. "ह्या साली मामंजी गेलं हुतं. आन् ही साडी, ही तर फाटली पार."

शेवटच्या चित्रापाशी पोचल्यावर ती नवऱ्याकडं वळली. "समद्यांत मी रडतीया. हसताना कवा काढलंच न्हाईसा?"

ते चित्राकडं बघतच म्हणाले, "निघताना बघितल्यालं तेवढं ध्यानात ऱ्हायचं. बाकीचं... बाकीचं बघायचंच ऱ्हाऊन गेलं."

तिनं हार टेबलावर ठेवला आणि चहासुद्धा न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढलं, तर गलाईवाले दारातच उभे. आत आले आणि मुकाट्यानं चित्रांचे चिमटे काढायला लागले. मी ओरडलेच. "हात लावायचा नाही! महिनाभराचं ठरलंय आपलं. चुलीचं नाव काढलंत तर बघा!" अहो, रडायला येत होतं मला, म्हणून ओरडत होते. ते म्हणाले, "बाई, तिनं तोंड फिरवलं. तुमी बघितलंसा की."

तेवढ्यात ती आली. लग्नकार्यातली साडी नेसून, केस चापूनचोपून बसवून. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून घेतली, भिंतीकडं पाठ करून बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "काढा आता."

मी घाईघाईनं कपाटातून कोरा कागद काढून दिला. त्यांनी खिशातून कोळशाचा तुकडा काढला. तिच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. कोळसा कागदाला टेकेचना. तीस वर्षं आठवणीतून एक रेघ न चुकता काढलेला हात, बायको समोर बसल्यावर जागचा हलेना.

"न्हाई जमत," ते कसेबसे म्हणाले. "समूर असलीस की हातच चालत न्हाई."

त्यांची ती गत बघून तिला हसू फुटलं. पदर तोंडाला न लावता, मोकळं.

"मग ठिवा की त्यो कोळसा," ती म्हणाली. "नुसतं बघा."