मारका आहे का?

हिंगोली जिल्ह्यात आळशी माणसं पुष्कळ असतील, पण आळसापायी एवढे कष्ट उपसणारा माणूस आमच्या साडूभाऊंशिवाय दुसरा नाही. एक काम दोनदा करणं त्यांना पाप वाटतं. सेनगावला शाळेत गणित शिकवायचे तेव्हा अकरा वर्षं त्यांनी एकच पेपर काढला. हेडमास्तरांनी खडसावलं तर म्हणाले, "पोरं दरसाल नवी येऊन राहिली सर, पेपर काहून बदलायचा?" मेव्हणीबाईंचं म्हणणं असं की, लग्नानंतर त्यांनी भांडणसुद्धा एकच केलं, पुढं लागेल तसं तेच वापरलं.

निवृत्त झाल्यावर मोबाइलवरचे धडे बघून ते वेबसाइट बनवायला शिकले आणि त्यांना स्वभावाला साजेसा धंदा सापडला. शोधायची चौकट, खाली चाळणी, चाळून आलेली यादी. मला म्हणाले, "हे तुकडे एकदाच बनवायचे साडूभाऊ, अन् पाहिजे त्या पानावर बसवायचे!" पहिलं पान केलं विकाऊ बैलांचं. तांबडा, चार दाती, मारका नसलेला, एवढं टाकलं की पुसेगावचा बैल फोटोसकट हजर. पान चांगलं चाललं.

त्याच सुमाराला त्यांची एकुलती एक लेक तिशीला टेकली होती. वसमतला नर्स होती आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला एका वाक्यात वाटेला लावत होती. मेव्हणीबाईंची झोप उडाली. साडूभाऊंनी मग वधूवरांचं पान एका दुपारीत उभं केलं आणि लेकीचं नाव फोटोसकट सगळ्यात वर टाकलं. एका दुपारीत म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आठ दिवसांत चाळीस मुलांनी माहिती भरली, आणि मग कळलं की फॉर्म बैलांचाच बसवला होता.

"दात किती?" पुढं बहुतेकांनी इमानानं बत्तीस लिहिलं होतं. एकानं "एक किडका". "मारका आहे का?" पुढं सगळ्यांचं ठणठणीत "नाही".

"सोन्यासारख्या लेकरांना बैल केलं तुमी!" मेव्हणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कोण येतंय आपल्या दारात?"

लेक मात्र पोट धरून हसत यादी वाचत होती. वाचता वाचता थांबली. कुरुंद्याच्या एका हळद पिकवणाऱ्यानं लिहिलं होतं, "मारका नाही. राग आला की शेतात जाऊन बसतो. जेवायला बोलावलं तर येतो."

"बाबा, याला बोलवा."

"हाच काहून?"

"चाळीस जणांत प्रश्न वाचून उत्तर देणारा हा एकटाच हाय."

लग्न झालं, लेक कुरुंद्याला गेली. यादीतून तिचं नाव काढा, असं मेव्हणीबाई वर्षभर सांगताहेत. "काढायचं बटन बनवायचं राहिलं," असं साडूभाऊ वर्षभर सांगताहेत. परवा मी बसलो असतानाच कुणा मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"व्हय व्हय, माझीच पोरगी. भाकरी करपवते, खोटं कशाला बोलू? पण घाबरलेल्या पेशंटचा हात सोडत न्हाई. लहानपणी तर..." पंधरा मिनिटं बोलत होते. मग आवाज उतरला. "न्हाई हो. लग्न झालं तिचं."

समोरचा माणूस चिडला असावा. साडूभाऊंनी फोन ठेवला आणि पडद्यावरच्या तिच्या फोटोवरची धूळ उपरण्याच्या टोकानं पुसली.